पुन्हा तेच ऐकायला जाणारे लोक



एखाद्या बँडचा कार्यक्रम माणूस पहिल्यांदा ऐकायला जातो, हे समजण्यासारखे आहे. दुसऱ्यांदा जातो, तेही समजते. पण तेच वादक आणि तीच गाणी असूनही जो वीस-वीस, तीस-तीस वर्षे जात राहतो, बँड फुटला तरी वाट पाहतो आणि परत जमला की पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभा राहतो, त्याचे काय? सगळी गाणी खिशातल्या फोनमध्ये असताना त्याला तिथे काय मिळते? नेहमीचे उत्तर असे की त्याला आपली तरुणाई परत हवी असते. हे उत्तर मला अपुरे वाटते, थोडे अन्यायकारकही वाटते. माझे म्हणणे असे आहे की ही निष्ठा म्हणजे एक प्रकारची जाणकारी आहे. ती वारंवार ऐकून, गर्दीत उभे राहून, कोवळ्या वयात आणि परवडणाऱ्या जागी मिळते. ती जागा गेली की पुढच्या पिढीची ती मिळवण्याची वाटच बुजते. याचा पुरावा मी प्रामुख्याने मुंबईच्या रॉक संगीतातून देणार आहे. भाईंदर पूर्वेच्या मराठी श्रोत्यांपुढे हा विषय कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल, तर त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात येईल. कारण हा विषय शेवटी आपल्याच दाराशी येऊन थांबतो.

धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी रंगभवन नावाचे खुले नाट्यगृह आहे. आज त्या गल्लीचे नाव घेतले की २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवते, हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर तिथेच धारातीर्थी पडले. पण त्याआधीची पंचवीसएक वर्षे या जागेची ओळख संगीताची होती. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने पहिली ‘जॅझ यात्रा’ इथे भरली आणि सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक उघड्या आकाशाखाली वाजवून गेला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास भरणारा, म्हणून ते नाव. चाहते त्याला नुसते ‘आय-रॉक’ म्हणत. ऑगस्ट म्हणजे भर पावसाचे दिवस आणि नाट्यगृह खुले, तरी मुले यायची. तिथपर्यंत पोहोचायला मोटार लागत नव्हती. मरीन लाइन्सला किंवा व्हीटीला उतरून चालत जाता येत होते. याचा अर्थ विरार लोकलवरचे प्रत्येक स्थानक रंगभवनाला जोडलेले होते, आणि भाईंदरही. चाळीसहून अधिक किलोमीटरचे अंतर एका पासात भागत होते. मुंबईच्या रॉक संगीताविषयी बोलताना दक्षिण मुंबईतल्या चार महाविद्यालयांचीच नावे घेतली जातात. पण हजारोंची गर्दी चार महाविद्यालयांतून तयार होत नाही, त्या गर्दीतला मोठा हिस्सा लोकलने आलेला होता. पाहणाऱ्याला दिसत होता तो काळा टी-शर्ट. त्या टी-शर्टाच्या खिशातला रेल्वेचा पास कुणी मोजला नाही.

या काळातला ज्याच्यावर श्रोत्यांनी सर्वांत जास्त काळ जीव लावला असा बँड म्हणजे ‘रॉक मशीन’. १९८४ साली मुंबईत हा बँड उभा राहिला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया, मार्क सेल्विन ही त्यातली ठळक नावे. त्यांनी काय केले हे समजायला त्या वेळची रीत लक्षात घ्यायला हवी. तेव्हाच्या आपल्याकडच्या रॉक बँडकडून श्रोत्यांची अपेक्षा एकच असे: परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवा. त्याला ‘कव्हर’ म्हणतात. डीप पर्पलचे गाणे जितके मूळ ध्वनिमुद्रणासारखे, तितका बँड मोठा. स्वतः रचलेले गाणे वाजवायला घेतले की गर्दीतून आरडाओरडा होई. रॉक मशीनने हळूहळू कव्हर सोडली आणि आपली गाणी वाजवायला सुरुवात केली. १९८८ मध्ये त्यांची पहिली कॅसेट आली, १९९० मध्ये दुसरी. १९९३ च्या सुमारास त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याची चित्रफीत एमटीव्हीवरून आशियाभर पोहोचली. १९९५ मध्ये नव्या नावाने अल्बम आला आणि १९९७ मध्ये बँड थांबला. २०१० मध्ये ते पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व’ हा नवा अल्बम काढला. मधल्या तेरा वर्षांत त्यांची गाणी ना रेडिओवर नियमित लागत होती, ना त्यांच्या कॅसेट सहज मिळत होत्या. तरी बँड परतला तेव्हा गाणी तोंडपाठ असलेले लोक समोर होते.

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण माझ्या युक्तिवादाचा पाया हाच आहे. चार दशकांत या बँडचे अल्बम किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कॅसेट कंपन्यांना इंग्रजी गाणाऱ्या भारतीय बँडमध्ये पैसा दिसत नव्हता, सगळी बाजारपेठ चित्रपटसंगीताची होती. त्यामुळे रॉक मशीनचे संगीत मुख्यतः कुठे होते? कॅसेटमध्ये फार थोडे होते. ते होते रंगभवनात, आयआयटीच्या मूड इंडिगोत, देशभरच्या महाविद्यालयांच्या मैदानांवर. गाणे ध्वनिमुद्रित होण्याआधी कितीतरी वेळा वाजलेले असे, बदललेले असे. एखादे कडवे गळालेले, गिटारचा एखादा तुकडा लांबलेला असे. हा बदल कुठे नोंदला गेला? नियमित येणाऱ्या श्रोत्याच्या कानात. अशा बँडच्या बाबतीत श्रोता हाच दप्तरखाना असतो. त्याने येणे बंद केले तर त्या संगीताचा मोठा भाग नाहीसा होतो, कारण दुसरीकडे तो कुठे ठेवलेलाच नाही. म्हणून ‘तेच ते ऐकायला का जाता’ हा प्रश्नच मुळात चुकीच्या समजुतीवर उभा आहे. जो एकदाच जातो त्याला ते ‘तेच’ वाटते. जो दहा वेळा जातो त्याला दर वेळी काय वेगळे झाले ते ऐकू येते. फरक कळायला आधी तुलनेचे साहित्य मनात साठावे लागते, आणि ते साठवायला पुन्हा पुन्हा जाण्याखेरीज मार्ग नाही.

मराठी माणसाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे हा सगळा प्रकार शंभर वर्षांपूर्वी घडून गेलेला आहे. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. ‘मानापमान’, ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ या नाटकांची कथा पाहायला दहाव्यांदा कोण जाणार? प्रेक्षकाला भामिनी शेवटी कुणाला वरते हे पाठ होते. तो जात होता तो बालगंधर्व आज पद कसे घेतात ते ऐकायला. त्या काळची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजे. रंगमंचावर तेच पद ‘वन्स मोअर’ घेत घेत कितीतरी पसरे, आणि दुसऱ्या वेळी घेतलेले पद पहिल्यासारखे नसे. ‘वन्स मोअर’ ओरडणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक होती. त्याला तीच चीज पुन्हा नको होती, तिची पुढची आवृत्ती हवी होती. शिवाय रंगमंचासमोर बसलेला साथीदारांचा ताफा आठवा: तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष, शेजारी ऑर्गन. हा ताफा एका नटामागे वर्षानुवर्षे एकत्र वाजवत होता, एकमेकांच्या नजरेवर जागा घेत होता. आजच्या भाषेत त्याला बँडच म्हणावे लागेल. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’च्या प्रयोगाला बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले. सर्वांत महाग तिकीट शंभर रुपयांचे होते, तरी नाट्यगृह भरले. दोघांची गाणी स्वतंत्रपणे पाठ असलेले लोक ती समोरासमोर आल्यावर काय होते हे ऐकायला आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. त्या रात्री जे हजर होते त्यांच्यापुरताच तो प्रयोग राहिला.

पुढची गोष्ट तर माझ्या मुद्द्याला आणखी जवळची आहे. १९३५ मध्ये बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात काम केले. चित्रपटात आवाज टिपला जातो, चेहरा जवळून दिसतो आणि तिकीटही स्वस्त असते. हिशेबाने पाहिले तर प्रेक्षकाने पडद्याकडेच जायला हवे होते. पण त्यांच्या चाहत्यांना पडद्यावरचा पुरुषवेषातला नारायणराव राजहंस नको होता, आणि खुद्द बालगंधर्वांनाही पडद्यावर चैन पडले नाही. ते रंगभूमीवर परतले. वय वाढले, शरीर थकले, कर्ज फिटत नव्हते, तरीही प्रेक्षक येत राहिले. त्यांना उतरलेला आवाज ऐकू येत नव्हता असे मानणे म्हणजे त्यांना अडाणी समजणे होय. तरुणपणीचा आवाज ज्यांनी ऐकला होता त्यांनाच उतार सर्वांत स्पष्ट कळत होता. त्या उरलेल्या आवाजात कुठली जागा अजून शाबूत आहे, कुठे लबाडी न करता त्यांनी सूर सोडून दिला आणि कुठे अचानक जुना गंधर्व उभा राहिला, हे ऐकायला कसलेला कान लागतो. त्या प्रेक्षकांकडे तो होता.

जगातही हेच चित्र दिसते. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ या बँडचा कार्यक्रम झाला. हॉल जवळजवळ रिकामा होता. पण त्या मूठभरांतून पुढे ‘जॉय डिव्हिजन’, ‘द फॉल’ असे बँड उभे राहिले, ज्यांच्या संगीताला पुढे पोस्ट-पंक म्हटले गेले. जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस १८ मे १९८० रोजी वारला. दोनच स्टुडिओ अल्बम, त्यातला दुसरा त्याच्या मृत्यूनंतर आलेला. तरी २०१० पासून त्याच बँडचा बेसवादक पीटर हुक ते अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत रंगमंचावर वाजवतो आहे आणि सभागृहे भरत आहेत. ‘द फॉल’चे उदाहरण याच्या अगदी उलटे, आणि मला अधिक महत्त्वाचे वाटते. हा बँड १९७६ पासून २०१८ मध्ये मार्क ई. स्मिथ वारला तोवर चालला. चार दशकांत साठाहून अधिक वादक आले आणि गेले, तिसाहून अधिक अल्बम निघाले. स्मिथ जुनी लोकप्रिय गाणी वाजवायला सहसा तयार नसे. बाजाराच्या दृष्टीने हा आत्मघात होता. तरी त्याचे चाहते वर्षानुवर्षे पाठ सोडत नव्हते. निष्ठा म्हणजे ओळखीच्या गोष्टींची भूक असती, तर द फॉलला एकही जुना चाहता उरला नसता. तिथे लोक जात होते ते आज काय होईल हे माहीत नाही म्हणून.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला मी सुरुवातीलाच सांगितला: हे सगळे गतकाळाचे वेड आहे. यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणत नाही. बँड परत जमतात त्यामागे आयोजकांचे गणित असते. चाळिशी-पन्नाशीच्या श्रोत्याच्या खिशात आता पैसे आहेत, हे त्यांना कळते. काही जण खरोखरच आठवणी काढायला जातात, त्यात वाईटही काही नाही. पण गतकाळाच्या वेडाने माणूस हळवा होतो आणि हळवा माणूस चुका माफ करतो. रंगभवनाची गर्दी हळवी नव्हती. तिथे न आवडलेल्या बँडला हुर्यो ऐकत खाली उतरावे लागे. त्या मंचावर उभे राहणे ही नव्या बँडसाठी परीक्षाच होती. आपल्या संगीत नाटकाच्या पिटातला प्रेक्षक असाच होता, बेसूर गाणाऱ्याला त्याने सोडले नाही. विशीत कठोर परीक्षक असलेला माणूस पन्नाशीत एकाएकी आंधळा भक्त कसा होईल? ‘पेंटाग्राम’चे उदाहरण घ्या. नव्वदीच्या सुरुवातीला मुंबईत निघालेला, विशाल ददलानी ज्याचा गायक, तो हा बँड. २००२ च्या ‘अप’ या अल्बमपासून त्यांनी भारी गिटारचा रस्ता सोडून इलेक्ट्रॉनिक आवाजांकडे वळण घेतले. गतकाळाला चिकटलेला श्रोता त्याच दिवशी उठून गेला असता. पण नव्या संगीतासकट बँडचा श्रोतृवर्ग टिकला, वाढला. २००५ मध्ये हाच बँड इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजला, आणि तिथवर जाणारा पहिला भारतीय बँड ठरला.

दुसरा आक्षेप आपल्या सभेत नक्की येणार: हे इंग्रजी गाणे, विलायती वाद्ये, हे आपले कसे? मराठी व्याख्यानमालेने यात वेळ का घालवावा? या आक्षेपामागची कळकळ मला मान्य आहे. मुंबई महानगरात मराठीची जागा आकसते आहे ही भावना या उपनगरात राहणाऱ्यांच्या मनात रोज येते. पण संगीताच्या इतिहासात ‘आपले’ काय हे ठरवताना जपून बोलावे लागते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची ऊर्मी आली ती पारशी मंडळींचा खेळ पाहून. ज्या ऑर्गनच्या स्वरात आपली नाट्यपदे भिनली आहेत ते वाद्य युरोपातले. इथून खाडीच्या बाजूला उत्तनकडे किंवा पलीकडे वसईला गेलात तर ख्रिस्ती लग्नांत ब्रास बँड वाजतो आणि त्यावर मराठी बोलीतली गाणी होतात, आगरी-कोळी हळदीत इलेक्ट्रिक बेंजो वाजतो. वाद्य कुठून आले याला आपल्या लोकांनी कधी फार महत्त्व दिले नाही. ते वाद्य कुणासमोर आणि किती वर्षे वाजले याला दिले. रॉक संगीताची चार दशके याच लोकलच्या मार्गांवर राहणाऱ्या मुलांनी जगवली आहेत, तेव्हा तो याच महानगराचा इतिहास आहे. माझी तक्रार उलट आहे. मराठीत या इतिहासाचे लेखन फारच थोडे झाले. १९९३ मध्ये अलाहाबादहून अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक सुरू केले आणि देशभरच्या बँडची आणि चाहत्यांची नोंद ठेवली. अलाहाबादेत जे जमले ते मुंबईतल्या मराठी लिहिणाऱ्यांना जमायला हरकत नव्हती.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला मी सर्वांत जास्त मान देतो: आवाजाचा. रंगभवनाच्या शेजारी स्त्रिया आणि मुलांचे कामा रुग्णालय आहे, जवळच जीटी रुग्णालय आहे. केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या सभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी. या नियमांच्या अंमलबजावणीत २००३ च्या सुमारास रंगभवनातले कार्यक्रम बंद झाले. मी स्वच्छ सांगतो, रुग्णालयाशेजारचा आवाज बंद झाला हे योग्यच झाले. बाळंतिणीच्या झोपेपेक्षा कुठलेही गिटार मोठे नाही. पण त्या निर्णयाला जोडून एक काम करायला हवे होते आणि ते केले गेले नाही. शहराने एक स्वस्त, खुली, रेल्वे स्थानकाजवळची जागा बंद केली, तेव्हा शांतता क्षेत्राबाहेर तशी दुसरी जागा द्यायला हवी होती. ती दिली गेली नाही. महोत्सव मैदाने बदलत राहिला, २०१३ नंतर बंद पडला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात माझगावला पुन्हा भरला.

मधल्या काळात संगीत गेले क्लबात. जुहूचे रॅझबेरी ऱ्हायनोसरस आधीपासून होते. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलमध्ये ‘ब्लू फ्रॉग’ उघडले आणि २०१६ मध्ये बंद झाले. या जागांनी बँड जगवले, त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. तिथली ध्वनिव्यवस्था रंगभवनापेक्षा कितीतरी सरस होती. पण क्लबचा धंदा चालतो तो मद्यावर. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस आहे. त्यामुळे जिथे बार आहे तिथे दारावर वय विचारतात. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी तिथे येऊच शकत नाही. वयात बसून आली तरी प्रवेशाचे, खाण्याचे पैसे आणि शेवटची लोकल चुकली तर टॅक्सीचे भाडे हा हिशेब भाईंदरच्या घराला झेपणारा नाही. शिवाय क्लबात मुख्य बँड मंचावर येतो तेव्हा परतीच्या गाड्या मोजक्या उरलेल्या असतात. लांब राहणारा श्रोता अर्ध्यातून उठतो, आणि उत्तम गाणी शेवटी ठेवायची रीत असल्यामुळे तीच त्याच्या वाट्याला येत नाहीत. रंगभवनाचा कार्यक्रम दुपारीच सुरू होई. मुले उजेडात येत.

माझ्या मते खरे नुकसान इथे झाले. निष्ठा वयाच्या कुठल्याही टप्प्यावर सुरू होऊ शकते हे खरे, पण बहुतेकांची सुरू होते ती सोळा ते वीस या वर्षांत. बालगंधर्वांच्या म्हाताऱ्या चाहत्यांनी त्यांना तरुणपणी ऐकले होते. इंडस क्रीडसाठी २०१० मध्ये आलेल्यांतले अनेक जण शाळा-कॉलेजात असताना रॉक मशीनचे झाले होते. दारावर वय विचारणाऱ्या व्यवस्थेत वाढलेल्या मुलांना ही वर्षे कुठून मिळणार? त्यांच्याकडे संगीत मुबलक आहे, फोनवर जगातला कुठलाही बँड आहे. पण एकच बँड दहा वेळा समोर ऐकायची, तो सुधारताना किंवा बिघडताना पाहायची, अनोळखी माणसाशी शेवटच्या गाण्यावरून वाद घालत स्थानकापर्यंत चालत जायची संधी नाही. कुणी म्हणेल, फोनवर सगळ्या कार्यक्रमांच्या चित्रफिती आहेत, तुलना घरीही करता येते. करता येते, मान्य आहे. पण चित्रफीत पाहणारा त्या गाण्यावर काही परिणाम करत नाही. रंगभवनात गर्दी थंड पडली की बँड गाण्यांचा क्रम बदलत असे, गर्दी उसळली की गाणे लांबत असे. ‘वन्स मोअर’ फोनला देता येत नाही. ज्याच्या उपस्थितीने गाणे बदलू शकते त्यालाच त्या गाण्याची जबाबदारी वाटते, आणि जबाबदारी वाटल्याशिवाय तीस वर्षे कुणी येत नाही.

तिकिटाच्या दराबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाजाराचा नियम म्हणून ती टाळली जाते. २०२३ मध्ये ‘द क्युअर’ या पोस्ट-पंक काळातल्याच बँडने अमेरिकेच्या दौऱ्याची तिकिटे मुद्दाम स्वस्त ठेवली. विक्री करणाऱ्या कंपनीने वर जबर शुल्क लावले तेव्हा गायक रॉबर्ट स्मिथने जाहीरपणे त्याविरुद्ध आवाज उठवला आणि कंपनीला खरेदीदारांना काही रक्कम परत करावी लागली. चाळीस वर्षे ज्यांनी साथ दिली त्यांना दारातून परत पाठवायचे नाही, एवढी समज बँडकडे होती. आयोजकांकडे ती क्वचित दिसते.

आता आपल्या दाराशी येतो. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. तेव्हापासून किती इमारती वाढल्या हे आपण खिडकीतून पाहतोच. या शहराला महानगरपालिका होऊन दोन दशके उलटली. लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह आपल्याकडे झाले, ही मोठीच गोष्ट आहे. दादर-पार्ल्याला जाऊन नाटक पाहून मध्यरात्री परतण्याचा अनेक घरांचा त्रास त्याने कमी केला. पण बंदिस्त नाट्यगृहाचे भाडे नवशिक्या बँडला परवडत नाही, आणि खुर्चीत बसून ऐकण्याचे हे संगीतही नाही. नवघर, गोडदेव, इंद्रलोक, जेसल पार्क या भागांत गिटार आणि ड्रम शिकणारी मुले आहेत. हळदीला बेंजो आणि कीबोर्ड वाजवणारी मुले आहेत. त्यांना शिकायला शिक्षक मिळतात. ऐकवायला गर्दी मिळत नाही. गणपती आणि नवरात्र सोडले तर खुला मंच मिळत नाही, आणि त्या मंचावर आपले गाणे वाजवायची मुभा नसते, लोकांना हवे ते वाजवावे लागते. रॉक मशीनच्या आधीची कव्हरची सक्तीच ती.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. महापालिकेने शांतता क्षेत्राबाहेर, स्थानकापासून रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर एक खुला मंच द्यावा. महिन्यातून एक रविवार, दुपारी चारला सुरू आणि रात्री साडेनऊला बंद. नियमात सवलत मागण्याची गरज नाही, दहाच्या आत सगळे आटपते आणि शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही. मद्य नको, त्यामुळे वयाची अट नको. तिकीट असावे, फुकट नको, पण वडापाव आणि चहाच्या खर्चाहून फार जास्त नको. एकच अट घालावी: प्रत्येक बँडने निम्मी तरी गाणी स्वतःची वाजवावीत, मग ती मराठीत असोत, आगरीत असोत, हिंदीत असोत की इंग्रजीत. आणि त्याच बँडना पुन्हा पुन्हा बोलवावे, दर महिन्याला नवे चेहरे आणण्याचा मोह टाळावा. श्रोता घडायला तोच बँड सहाव्यांदा, सातव्यांदा ऐकावा लागतो.

इथे बसलेल्या ज्येष्ठांनाही माझी विनंती आहे. संगीत नाटकाचा आणि गीतरामायणाचा काळ आपल्या घरांत अजून बोलला जातो. ५६ गीतांचे ते गीतरामायण सुधीर फडके दशकानुदशके गावोगाव गात राहिले आणि तेच श्रोते मुलानातवंडांना घेऊन पुन्हा आले, हे आपल्याला ठाऊक आहे. पुन्हा जाण्याची ही सवय आपल्याकडे आहे, ती शिकवावी लागणार नाही. घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी तिसऱ्यांदा त्याच बँडला जायचे म्हणाली, तर ‘काल तर जाऊन आलीस’ असे म्हणू नका. ती परतल्यावर या वेळी काय वेगळे झाले ते विचारा, आणि महापालिकेत अर्ज देण्याची वेळ येईल तेव्हा त्यावर सही करा.